फक्की

खाजणात भर टाकून उभं केलं हे क्रीडा संकुल,
म्हणून पहिली दोन वर्षं
गोलपोस्टाच्या बुडातून कुर्ल्या निघायच्या,
तिरक्या चालीच्या,
कुठल्याच संघात नसलेल्या.

पाटीवर लिहिलंय ते सगळं आहे इथे.
जलतरण तलाव आहे, समुद्रापासून दोनशे पावलांवर.
त्यात पाणी टँकरचं.
गाबितवाड्यातली पोरं जाळीला नाक लावून बघतात
मोठी माणसं कठड्याला धरून पाय आपटताना,
आणि हसतात, आणि पळतात जेटीवरून उड्या मारायला.
बॅडमिंटनचा हॉल आहे, त्याची किल्ली मुख्याधिकाऱ्यांकडे.
कबड्डीला पुण्याहून निळी मॅट आली.
खारी ओल धरते, पाय सरकतात,
तेव्हा ती गुंडाळून भिंतीशी उभी,
आणि सामने शेजारच्या तांबड्या मातीत,
जिथे गुडघा सोलला तर निदान आपल्या मातीने सोलला.

माझं काम फक्कीचं.
दोन खुंट्या, सुतळी, बुडाला भोकं पाडलेला डालड्याचा डबा.
एकवीस वर्षं शाळेत शिपाई होतो, तिथेही हेच.
रेषा मारली की माणूस तिच्या आत राहतो,
कुणी मारली हे विचारत नाही.

धावपट्टीचं जरा वेगळं आहे.
पूर्वेच्या वळणावर उंडीचं झाड,
बुंध्याशी राखणदाराचा पाषाण.
ठेकेदार म्हणाला, सरकवू.
गावाने कौल लावला. तीनदा लावला, तिन्हीदा डावा.
मग वळणच आत घेतलं, गाजावाजा न करता,
आणि नकाशात चारशे ते चारशेच राहिले.

टेप लावला मी, एका रविवारी, एकटाच.
तीनशे एकोणनव्वद.
टेप सुकवून पुन्हा लावला.
ओव्हरसियर म्हणाला, "सातार्डेकर, बुकात सही झालीय.
अकरा मीटर म्हणजे केवढं हो,
तुमच्या पडवीएवढं."
माझी पडवी त्याने पाहिलेली नाही.
मी गप्प बसलो. एवढा माझा हिस्सा.

कुबलांची हर्षाली तिथेच धावली तीन वर्षं.
बाप रापणीवर, तळवे त्याच्यासारखेच, रुंद.
तिची वेळ मी घड्याळात बघायचो
आणि घड्याळ खिशात ठेवायचो.
एवढी चांगली वेळ कुणाला दाखवायचं धाडस नव्हतं.

ओरोसला, जिल्ह्याच्या मैदानावर,
तीनशे एकोणनव्वदपर्यंत ती पहिली होती.
मी बाकावरून बघितलं:
अंग पोचल्यासारखं सैल झालं,
हात खाली आले,
आणि पुढे पट्टी अजून होतीच.

चौथी.

परतीला एसटी कसालला थांबली तेव्हा म्हणाली,
"नाना, थंयची पट्टी लांब आसा."
मी चहा संपवला.
"नाय गो," म्हटलं. "आपली आखूड."
मग मालवणी खाजाची पुडी तिने फोडली
आणि घरापर्यंत मला एकही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
शेवटच्या रेषेपुढे, पायरीच्या जांभ्यापर्यंत मोजून,
मी आणखी एक रेषा मारली.
ओव्हरसियर आला. "ही कसली?"
"फक्की सांडली."
सरळ सांडली, तो म्हणाला, आणि गेला.

आता बारकी पोरंही तिथवर धावतात,
कारण ती तिथे आहे म्हणून.
निवृत्त पोस्टमास्तर सकाळची फेरी तिथेच संपवतात,
वाकून बोटाने तिला शिवतात.
हर्षाली यंदा पुन्हा ओरोसला गेली. तिसरी आली.
दुसरीला तिने पेढा दिला, मला काही नाही.

देवदिवाळीला राखणदाराला नारळ ठेवला
आणि त्याच्याशी जरा भांडलो.
तो काही बोलला नाही. त्याचं काम राखण्याचं.

खारा वारा दर तिसऱ्या दिवशी रेषा पुसतो.
दर तिसऱ्या दिवशी माझ्या हातून
डबा कलंडतो.